वॉर्डातला वर्कलोड मोजायचा कसा? (आणि भावाच्या काचेवर झिंक ऑक्साइड का उगवत नाहीये)

मखमलाबादची_सिस्टर:

नमस्कार मंडळी. दोन प्रश्न आहेत, एक माझा आणि एक धाकट्या भावाचा. दोघंही एकाच घरात एकाच टेबलावर बसून अडकलोय म्हणून एकाच धाग्यात टाकतेय.

मी सहा वर्षं वॉर्डात काम करून आता एमएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिझर्टेशन मेडिकल वॉर्डातल्या स्टाफ नर्सच्या वर्कलोडवर. सिनॉप्सिस पास झाला, एथिक्स कमिटीचं पत्र हातात आलं, आणि आता प्रत्यक्ष डेटा घ्यायची वेळ आली तर माझं मलाच पटेनासं झालंय. ठरलंय असं की प्रत्येक शिफ्टला पेशंट किती आणि सिस्टर किती हे सेन्सस रजिस्टरवरून घ्यायचं, भागाकार करायचा, सोबत एक प्रश्नावली भरून घ्यायची. गाईड मॅडम म्हणतात सोपं ठेव, वेळेत होईल, आणि त्यांचंही बरोबर आहे कारण म्हसरूळला युनिव्हर्सिटीत सबमिट करायची तारीख काही माझ्यासाठी थांबणार नाही.

पण मला एक संध्याकाळ विसरता येत नाही. तेव्हा मी जिल्ह्यातल्याच एका हॉस्पिटलला होते (नाव नको). द्राक्षाचा सीझन, इव्हिनिंग ड्युटी, वॉर्डात ३२ पेशंट आणि आम्ही दोघी, त्यातली एक महिनाभरापूर्वी लागलेली जीएनएम (डिप्लोमा केलेली नवी नर्स). सहाच्या सुमारास बागेत फवारणी करताना विषबाधा झालेला एक माणूस आला, आयसीयूत बेड नव्हता म्हणून आमच्याकडेच ठेवला. ज्यांनी असा पेशंट सांभाळलाय त्यांना माहितीये, ॲट्रोपिन (विषाचा परिणाम उतरवणारं इंजेक्शन) द्यायचं, पाच मिनिटांनी बघायचं, छातीतली घरघर कमी झाली का, पल्स किती, काख कोरडी झाली का, नसेल तर डोस दुप्पट, परत पाच मिनिटं. मी त्या बेडपासून साडेआठपर्यंत हलले नाही. तो वाचला. पण त्याच वॉर्डात खिडकीजवळ एक आजी होत्या, अर्धांगवायूच्या, त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं होतं. त्या संध्याकाळी त्यांना कुणीच वळवलं नाही. आणि ओव्हर देताना (पुढच्या शिफ्टला वॉर्ड सोपवताना) चार्टवर सहाची आणि आठची टिक मीच केली, कारण रिकामी ठेवली असती तर मेट्रनने विचारलं असतं. चार दिवसांनी आजींच्या कंबरेखाली लालसर डाग दिसला, पुढे तो फुटला.

आता रजिस्टरमध्ये ती संध्याकाळ काय म्हणून आहे? ३२ भागिले २, म्हणजे १६. आदल्या दिवशीपण १६ च होते आणि आदल्या दिवशी आम्ही दोघींनी साडेसातला बसून चहा घेतला होता. मग माझा वर्कलोड नक्की कुठे आहे? पेशंट मोजून भागत नाही आणि चार्ट मोजावा तर चार्टवर माझ्यासारखीच कुणाची तरी टिक असणार.

भावाचं असं आहे की तो एमएस्सी फिजिक्सला आहे, प्रोजेक्ट झिंक ऑक्साइडच्या नॅनोरॉड्सवर (अतिसूक्ष्म काड्या). बाटलीत झिंक नायट्रेट आणि हेक्झामाइनचं पाणी, त्यात काचेची स्लाइड, ९० डिग्रीच्या ओव्हनमध्ये. काचेवर रॉड उगवायला हवेत. तीन आठवडे झाले, पाणी दुधासारखं होतं, तळाला पांढरी पावडर बसते आणि काच जशीच्या तशी स्वच्छ. परवा रात्री बाटली समोर ठेवून नुसता बघत बसला होता. आईने विचारलं, अरे हे पांढरं म्हणजे आपण बाळाला रॅश झाल्यावर लावतो तेच ना? तर तेच आहे. मी वॉर्डात टेपमधून आणि मलममधून झिंक ऑक्साइड रोज हाताळलंय, पण ते उगवतं हे माहीत नव्हतं. कुणी सांगू शकेल का?


आयसीयू_इनचार्ज_नाशिकरोड:

अगं बाळा, आधी ती टिक. बावीस वर्षं झाली मला या कामात, तुझ्यासारखी टिक न केलेली सिस्टर मी तरी पाहिली नाही, आणि ते बरोबर आहे असं मी म्हणत नाही. तू ते इथे लिहिलंस हीच तुझ्या अभ्यासाची सुरुवात आहे. जे राहून गेलं ते मोज. याला नाव आहे, मिस्ड नर्सिंग केअर. अमेरिकेत बिअॅट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये नर्सेसशी बोलून काढलं होतं की रोज काय राहतं, तर पेशंटला चालवणं, कूस बदलणं, वेळेवर भरवणं, समजावून सांगणं, डिस्चार्जची तयारी, धीर देणं, अंग पुसणं, इनटेक-आउटपुट लिहिणं आणि लक्ष ठेवणं. वाचलं तेव्हा मला वाटलं ही बाई आमच्याच वॉर्डात उभी राहून गेली की काय. बघ, इंजेक्शन राहत नाही. अँटिबायोटिकची वेळ राहत नाही, कारण त्याचा जाब विचारला जातो. कूस बदलायची राहते, कारण आजी तक्रार करत नाहीत.

आयसीयूसाठी वेगळं टूल आहे, नर्सिंग ॲक्टिव्हिटीज स्कोअर, २००३ चं, मिरांडा आणि त्यांच्या टीमचं. त्यात २३ बाबी आहेत आणि प्रत्येकीला वजन दिलंय. मॉनिटरिंग, स्वच्छता, कूस बदलणं, नातेवाइकांशी बोलणं, कागदपत्रं, सगळं धरलंय त्यात. १०० आलं म्हणजे एका नर्सचा चोवीस तासांचा पूर्ण वेळ त्या एका पेशंटने घेतला, आणि बेरीज १७७ पर्यंत जाऊ शकते. म्हणजे एका पेशंटला एक सिस्टरही पुरत नाही असा दिवस कागदावर दिसतो! तुझा तो फवारणीवाला त्या अडीच तासांत असाच होता. पण हे टूल मेडिकल वॉर्डाला जसंच्या तसं लावू नकोस, ते आयसीयूसाठी तपासलेलं आहे, बाहेरच्या परीक्षकाने पहिला प्रश्न तोच विचारला तर उत्तर देता येणार नाही.

आणि १६ ला एक हा आकडा लिहिशील तिथे शेजारी इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नॉर्मपण लिही. टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डला ३ पेशंटला १, साध्या हॉस्पिटलला ५ ला १, वर ३० टक्के रजेची राखीव.


गंगापूररोड_१९७८:

वडील मागच्या वर्षी अकरा दिवस ॲडमिट होते म्हणून लिहितो. सिस्टर लोकांबद्दल आदर आहेच, पण खरं सांगा, हे मोजून काय होणार? कमी आहेत हे वॉर्डातल्या मामालाही माहीत आहे. प्रबंध होईल, कपाटात जाईल. भरती होत नाही हा खरा प्रश्न आहे, संशोधन हा नाही.


आयसीयू_इनचार्ज_नाशिकरोड:

दादा, तुमचा राग समजतो, पण जिथे भरती झाली तिथे आधी कुणीतरी मोजलं होतं. लिंडा एकेन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास २००२ मध्ये छापला, दोन लाख बत्तीस हजारांवर सर्जरीचे पेशंट होते त्यात. एका नर्सच्या वाट्याला एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याचे ऑड्स (म्हणजे साधारण शक्यता) ७ टक्क्यांनी वाढलेले दिसले. नंतर २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० हॉस्पिटलांत बघितलं तर पुन्हा ७ टक्केच. कॅलिफोर्नियाने एका नर्सला जास्तीत जास्त किती पेशंट याचा कायदा १९९९ मध्ये केला, लागू व्हायला २००४ उजाडलं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडने २०१६ मध्ये किमान प्रमाण ठरवलं, सकाळ-संध्याकाळ ४ ला १ आणि रात्री ७ ला १, आणि नंतर हिशोब केला तर पेशंट लवकर घरी गेले, परत ॲडमिट होणं कमी झालं आणि त्यातून वाचलेला पैसा जादा नर्सेसच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त निघाला. "आम्ही थकतो" असं अर्ज करून मी स्वतः सांगून पाहिलंय हो. आकडा नसला की अर्ज वाचून बाजूला ठेवतात.


अंबड_टाइमस्टडी:

ताई, मी अंबड एमआयडीसीत इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगला आहे, लाइनवर माणसं किती लागतील हे काढणं हेच रोजचं काम. तुमच्या वॉर्डाबद्दल मला काही कळत नाही पण १६ चा घोळ मात्र लगेच कळला, कारण आमच्याकडेही नवीन मॅनेजर तीच चूक करतो, दिवसाची सरासरी घेतो.

दोन गोष्टी सांगतो. पहिली, वर्क सॅम्पलिंग. हे टिपेट नावाच्या इंग्लिश संख्याशास्त्रज्ञाने कापड गिरण्यांसाठी काढलं होतं. दिवसभर घड्याळ घेऊन कुणाच्या मागे फिरायचं नाही, आधीच रँडम वेळा काढून ठेवायच्या, समजा ४:०७, ४:२१, ४:२६ अशा, आणि बरोबर त्या मिनिटाला बघायचं की सिस्टर आत्ता काय करतेय. पेशंटजवळ, औषध काढतेय, लिहितेय, फोनवर, इंडेंट (स्टोअरमधून मागवलेलं सामान) आणायला खाली गेलीय, जे असेल ते. एखादं काम साधारण ४० टक्के वेळ घेत असेल आणि तुम्हाला ५ टक्के इकडे-तिकडे चालणार असेल तर ९५ टक्के खात्रीसाठी ३७० च्या आसपास नोंदी लागतात. दोन आठवड्यांत होतं, पण सगळ्या नोंदी एकाच शिफ्टमधून घेऊ नका, नाईट आणि रविवार धरा. पहिले दोन दिवस टाकून द्या, कारण कुणीतरी बघतंय म्हटल्यावर माणूस वेगळा वागतो, शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२० च्या दशकात लाइट कमी-जास्त करून प्रयोग केले होते त्यावरूनच त्याला हॉथॉर्न इफेक्ट नाव पडलंय.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते मला. तुमची कामं टाइमटेबलने येत नाहीत ना, बेल वाजते, सलाईन संपतं, ॲडमिशन येते. एकच माणूस आहे, कामं कधीही येतात, प्रत्येकाला लागणारा वेळ कमी-जास्त पण सरासरी ५ मिनिटं, असं साधं गणित धरा. माणूस ८० टक्के वेळ बिझी असेल तर नवीन कामाला सरासरी २० मिनिटं थांबावं लागतं. ९० टक्के बिझी, ४५ मिनिटं. ९५ टक्के, ९५ मिनिटं. बघा काय झालं, माणूस फक्त १५ टक्के जास्त बिझी झाला आणि वाट बघणं जवळपास पाचपट झालं. म्हणजे तुम्ही साडेसातला चहा प्यायलात ना आदल्या दिवशी, तो रिकामा वेळ नव्हता हो ताई, तो होता म्हणूनच त्या दिवशी बेल वाजल्यावर कुणीतरी उठून गेलं. हे आमच्या मशीनला लावलेलं सगळ्यांना पटतं, माणसाला लावलं की म्हणतात बसून होते.

त्यामुळे शिफ्टचा एक आकडा घेऊ नका. दर अर्ध्या तासाचा घ्या. सहा ते साडेआठ वेगळे दिसले पाहिजेत.


झिंकवाला_पीएचडी:

मी पुण्याला पीएचडी करतोय, मूळ पंचवटीचा. ताई, भावाला सांगा घाबरू नको, ही पांढरी पावडर प्रत्येकाने बघितलीय, माझे पहिले दोन महिने त्यातच गेले आणि त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं म्हणून सविस्तर लिहितो.

पावडर बनतेय म्हणजे केमिस्ट्री बरोबर चालू आहे, फक्त झिंक ऑक्साइड चुकीच्या जागी बनतंय. कण जन्माला यायला एक अडथळा पार करावा लागतो, त्याला न्यूक्लिएशन बॅरियर म्हणतो आम्ही. काचेवर आधीच झिंक ऑक्साइडचे बारीक दाणे असतील तर तिथे तो अडथळा खूप कमी असतो, पाण्याच्या मधोमध तो मोठा असतो. म्हणून द्रावण संपृक्ततेच्या (पाण्यात जेवढं विरघळू शकतं त्या मर्यादेच्या) जरासंच वर ठेवलं तर नवीन माल फक्त काचेवरच्या दाण्यांवर जाऊन बसतो आणि रॉड वर वाढतो. पण एकदम खूप वर गेलं की पाण्यातपण अडथळा पार होतो, मग सगळीकडे एकदम लाखो कण जन्मतात, झिंक तिथेच संपतं आणि काचेच्या वाट्याला काही उरत नाही. ला-मेर नावाच्या शास्त्रज्ञाने १९५० मध्येच हे चित्र मांडलं होतं.

आता हेक्झामाइन कशाला घालतात ते बघा. ते गरम पाण्यात हळूहळू फुटतं, त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि अमोनिया निघतो, आणि अमोनियामुळे हायड्रॉक्साइड थोडं थोडं मिळत राहतं. त्याच्या जागी कॉस्टिक सोडा एकदम ओतला तर सेकंदात दूध. तेवढाच अल्कली, फरक फक्त एकदम आला की हळू आला याचा. (उलटंही करतात, कॅडमियम सेलेनाइडचे क्वांटम डॉट बनवताना तीनशे डिग्रीच्या आसपास मुद्दाम एकदम इंजेक्ट करतात, सगळे कण एकाच क्षणी जन्मावेत आणि एका मापाचे व्हावेत म्हणून. बावेंडींच्या ग्रुपने १९९३ मध्ये केलं ते हेच, २०२३ च्या केमिस्ट्री नोबेलमध्ये त्यांचं नाव होतं. पण तिथे कण द्रावणात सुटे हवे असतात, भावाला काचेवर हवेत.)

करायचं काय, तर आधी सीड लेयर (काचेवरच्या त्या बारीक दाण्यांचा थर) तपास. बहुतेक तिथेच गडबड आहे. स्लाइड ॲसिटोन, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), मग डीआय वॉटरने (क्षार काढलेल्या पाण्याने) सोनिकेट कर, म्हणजे ध्वनिलहरींनी धू, झिंक ॲसिटेट अल्कोहोलमध्ये विरघळवून तीन-चार कोट दे आणि ३५० डिग्रीला भाजून घे. नुसतं वाळवलं तर सीड पाण्यात सुटून जातो. द्रावण पातळ कर. २००३ च्या वायसिएरेसच्या पेपरमध्ये ०.१ मोलर तीव्रता आहे आणि सगळे तेच उचलतात, पण तू २५ मिलिमोलरने (त्याच्या पाव) सुरुवात कर. १०० मिलीला झिंक नायट्रेट हेक्झाहायड्रेट ०.७४ ग्रॅम आणि हेक्झामाइन ०.३५ ग्रॅम. स्लाइड उभी किंवा तिरकी टेकवून ठेव आणि सीडची बाजू खाली, कारण वर ठेवली तर पाण्यातली पावडर तिच्यावर बसते आणि मग ते रॉड आहेत की गाळ हेच कळत नाही. बाटलीचं झाकण घट्ट. चार तास. मध्ये लाइट गेली तर तो रन टाकून दे, वहीत लिही आणि टाकून दे. तरी दूध झालंच तर अमोनियाचे थोडे थेंब घालून बघ, झिंक अमोनियाशी बांधलं जातं आणि पाण्यातलं न्यूक्लिएशन दबतं.

बाहेर काढल्यावर काच तिरकी धरली की धुरकट निळसर पांढरट दिसायला हवी, पुसून न जाणारी. मग एक्सआरडीला (क्ष-किरणांनी स्फटिक तपासायला) दे, ३४.४ डिग्रीजवळ ००२ चा पीक बाकीच्यांपेक्षा उंच आला म्हणजे रॉड सरळ उभे आहेत. सेममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) षटकोनी टोकं दिसतील. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी ऑपरेटरला विचारलं होतं की हे नक्की माझंच सॅम्पल आहे ना.


मखमलाबादची_सिस्टर:

सगळ्यांचे खूप आभार. तीन दिवस उत्तर दिलं नाही कारण दोघंही कामाला लागलो होतो.

झिंकवाला दादा, तुमचं उत्तर भावाला मोठ्याने वाचून दाखवलं आणि हेक्झामाइनपाशी मीच थांबले. हे म्हणजे मेथेनॅमिन! वारंवार युरिन इन्फेक्शन होणाऱ्यांना देतात ती गोळी, ॲसिडिक युरिनमध्ये फुटते आणि फॉर्मल्डिहाइड सुटतं, त्याने जंतू मरतात. फार्माकॉलॉजीत पाठ केलं होतं. तेच भावाच्या बाटलीत रॉड उगवतंय, त्याला हे माहीत नव्हतं आणि मला ते. अर्धा तास आम्ही दोघं त्यावरच बोलत होतो, आईने दोनदा जेवायला हाक मारली. सीडचं तुम्ही म्हणालात तसंच निघालं, तो १२० डिग्रीला वाळवत होता, कॉलेजच्या फर्नेसला नंबर लागत नव्हता म्हणून. काल नंबर लागला.

अंबडचे दादा, तो चहाचा मुद्दा मी मॅडमना तुमच्या आकड्यांसकट सांगितला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या की मी स्टाफ होते तेव्हा आम्हाला बसलेलं बघितलं की मेट्रन लगेच गॉज कापायला द्यायच्या. अर्ध्या तासाच्या नोंदींना त्यांनी हो म्हटलंय. एथिक्स कमिटीला दुरुस्तीचं पत्र द्यावं लागेल, ते आज टाइप केलं.

आणि इनचार्ज सिस्टर, तुमचं वाचून फॉर्ममध्ये एक कॉलम वाढवलाय, "या शिफ्टमध्ये काय राहिलं". नाव लिहायचं नाही, सही नाही, घडी करून बॉक्समध्ये टाकायचं, बॉक्सची किल्ली फक्त माझ्याकडे. वॉर्डच्या इनचार्जनाही नाही, हे आधीच लेखी घेतलंय. मॅडम म्हणत होत्या कुणी खरं लिहिणार नाही. काल दोन शिफ्टला ट्रायल म्हणून सात कागद ठेवले होते, सहा परत आले. पाचांवर कूस बदलणं लिहिलंय. एका कागदावर कामाचं काहीच नव्हतं, फक्त एवढंच होतं की बेड नंबर ११ च्या बाईंचा मुलगा येणार नाही हे त्यांना सांगायचं होतं, वेळ झाला नाही, आता नाइटच्या सिस्टरने सांगावं.

हा कागद कोणत्या कॉलममध्ये टाकू ते मला समजत नाहीये. सिस्टर, तुम्ही बघून सांगाल का? त्या यादीत "धीर देणं" आहे, त्यातच धरायचं का?


आयसीयू_इनचार्ज_नाशिकरोड:

त्यातच धर. आणि शिफ्ट आणि वेळ लिहून ठेव, त्या अर्ध्या तासाला वॉर्डात दुसरं काय चालू होतं ते शेजारी यायला हवं. नाइटच्या सिस्टरला निरोप मिळाला का ते मात्र आजच विचार.


मखमलाबादची_सिस्टर:

विचारलं. मिळाला होता. पहाटे पाचला टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेताना सांगितलं म्हणाली, बाई जाग्याच होत्या.

भावाची बाटली आत्ता ओव्हनमध्ये आहे, सव्वासातला काढणार आहे. पाणी अजून स्वच्छ आहे म्हणतोय.